टाइलच्या खालचं काम

अगं, बाथरूमला नवी टाइल कुठली घ्यायची हे मला विचारू नकोस. ते तू आणि जावईबापू घोडबंदर रोडच्या दुकानांतून फिरून ठरवा. टाइल बघायची वस्तू आहे, पाणी अडवायची नाही. दोन टाइलांमधल्या सांध्यातून पाणी झिरपतंच. ते पुढे जायचं की नाही, हे टाइलच्या खाली ठरतं.

तोडफोडीला माणूस घे, पण त्याच्या पाठीशी उभी राहा. ब्रेकर जपून चालवायला सांग, छिन्नी-हातोडा असेल तर बरंच. डोंबिवलीतल्या जुन्या चार मजली इमारतींत संडास-बाथरूमचा स्लॅब खोलगट असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. वरून मुरलेलं पाणी त्या भरावात साचत राहतं. स्लॅबमधल्या सळईला गंज चढला की ती फुगते आणि खालच्या घरात सिलिंगचे पोपडे पडू लागतात. भराव ओला लागला तर सगळा काढ. त्यावरच नवी टाइल चिकटवून देतो म्हणणाऱ्या गवंड्याला चहा पाजून घरी पाठव.

नवे पाइप बसले की भिंतीतले चर बुजवण्याआधी प्लंबरकडून प्रेशर टेस्ट करून घे. उघड्या पाइपांचे फोटोही काढून ठेव.

मग न्हाणी ट्रॅप. माझ्या पाहण्यात निम्म्याहून जास्त गळत्या तिथल्याच. ट्रॅपचा प्लास्टिकचा गळा आणि सिमेंट एकमेकांना धरत नाहीत, म्हणून त्याच्याभोवती न आकसणारा ग्राउट ठासून भरायचा. उतार कोब्यातच काढायचा, मीटरला दहा ते पंधरा मिलिमीटर. पाणसळ लावून स्वतः बघ. ‘टाइल लावताना काढू’ हे ऐकून घेऊ नकोस. भिंत आणि जमीन मिळते तिथे काटकोन ठेवू नकोस, मालाचा गोल वाटा मारून घे. काटकोनात पाणी अडवणाऱ्या कोटिंगचा थर चिरतो.

कोटिंग मात्र तुम्ही दोघांनी करा. त्याला कसब कमी लागतं, धीर जास्त. पावडर आणि लिक्विडचं पॉलिमर कोटिंग मिळतं. पिशवीवरचं प्रमाण पाळायचं. घट्ट वाटलं म्हणून वरून पाणी घालायचं नाही. जमीन झाडून, धुऊन ओलसर ठेवायची, पण पाणी साचलेलं नको. पहिला हात आडवा, तो सुकला की दुसरा उभा. कोपऱ्यांत, वाट्यावर आणि ट्रॅपच्या तोंडाशी पहिल्या हातातच फायबरची जाळी दाबून बसव. शॉवरच्या भिंतीला कोटिंग जमिनीपासून सहा-सात फुटांपर्यंत, बाकी भिंतींना फूटभर. दुसरा हात ओला असतानाच वर बारीक वाळू भुरभुरव, म्हणजे पुढचा माल धरतो.

पिशवीवर लिहिलेत तितके दिवस थांबून मग पाणी भरायचं. ट्रॅपला बूच, दाराशी मालाचा छोटा बांध, दोन इंच पाणी, भिंतीवर पेन्सिलीची खूण. अठ्ठेचाळीस तास कोणी आत जायचं नाही. पाणीकपातीची सूचना लागलेली नाही ना, तेवढं आधी बघ. आणि खालच्या वहिनींना अगोदर सांगून ठेव. त्यांच्या बाथरूमचं सिलिंग सकाळ-संध्याकाळ तूच बघून ये, फोनवर विचारू नकोस. त्या संकोचाने ‘ठीक आहे’ म्हणतील आणि महिन्याभराने सोसायटीत पत्र देतील. आतल्या गळतीचा खर्च ज्याच्या घरातून गळतं त्याच्यावरच येतो, सोसायटीवर नाही. सेक्रेटरीला लेखी अर्ज तर तोडफोडीआधीच द्यायचा.

हे उरकेपर्यंत गवंडी घाई करील, त्याला दुसरं काम असतंच. ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणायचं. पावसाळ्यात तर हे काम काढूच नका. आपल्याकडे आषाढात टॉवेल वाळत नाही, कोटिंग कसलं वाळतंय! दिवाळीनंतर घ्या.

टाइल लावताना गवंडी कोटिंगवर पहार, घमेलं टाकेल. खाली गोणपाट अंथर. शॉवरच्या कोपऱ्यात एपॉक्सी ग्राउट घाल, महाग पडला तरी. बाकीकडे साधा चालेल. दोनशे लिटरचं पिंप ठेवणार असलीस तर ते कडेला, ट्रॅपच्या जवळ नको.

टॉवेलचा रॉड शॉवरच्या भिंतीवर लावू नकोस, समोरच्या भिंतीवर लाव. तिथेच लावायचा झाला तर ते पाइपांचे फोटो आधी बघ, भोक मार, त्यात सिलिकॉन भर आणि मगच स्क्रू पिळ.