मृगातील तेजोमेघाचे छायाचित्र

पौष-माघातील अमावास्येच्या सुमारास रात्री नऊ वाजता मृग नक्षत्र आकाशात चांगले वर आलेले असते. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन ठळक तारे सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या दक्षिणेस तीन मंद तारे ओळीने दिसतात. त्यांपैकी मधला निरखून पाहावा. तो धुरकट भासतो. सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर असलेला हा वायूचा व धुळीचा मेघ असून त्यात नवे तारे जन्म घेत आहेत.

दुर्बिणीतून पाहणाऱ्याची मात्र बहुधा निराशा होते. छापील चित्रातील तांबडा रंग त्यास कोठेच आढळत नाही. डोळा प्रकाश साठवून ठेवीत नाही; क्षणाच्या अल्पशा अंशात जेवढा पडेल तेवढ्यावरच त्यास भागवावे लागते, आणि अंधारात तांबडा रंग तर त्यास जवळजवळ दिसतच नाही. छायाचित्राची काच प्रकाश साठवीत राहते. पूर्वीची ओली काच काही मिनिटांतच सुकून निकामी होई. कोरड्या काचा प्रचारात आल्यावर ही अडचण सरली.

या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र ३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कजवळ हेन्री ड्रेपर यांनी घेतले. ते वैद्यक शिकलेले प्राध्यापक. वेधशाळा त्यांनी स्वतःच उभारली होती. काच ५१ मिनिटे उघडी होती. १८८२ च्या मार्चमध्ये त्यांनी हा काळ १३७ मिनिटांवर नेला, आणि त्याच नोव्हेंबरात, वयाच्या ४५ व्या वर्षी, ते निवर्तले. पुढल्याच जानेवारीत लंडनच्या ईलिंग भागात, घराच्या बागेत, अँड्र्यू कॉमन या अभियंत्याने ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीने घेतलेल्या चित्रात डोळ्यास न दिसणारे तारेही उमटले. दोघेही हौशीच!

आकाश दर चार मिनिटांस एक अंश सरकते, म्हणून दुर्बीण घड्याळी यंत्राने ताऱ्यांमागे फिरवावी लागते. असे यंत्र नसले तरी अडत नाही. साधा कॅमेरा तिपाईवर बसवून, ५० मि.मी. भिंगाने प्रत्येकी ८ सेकंदांची २०० चित्रे घ्यावीत. अधिक वेळ ठेवल्यास ताऱ्यांच्या रेघा होतात. संगणकाने ताऱ्यावर तारा जुळवून ती एकत्र केली की सुमारे २७ मिनिटांचा प्रकाश जमतो. ड्रेपरच्या निम्म्याहून किंचित अधिक.

भिंग प्रथम व्याधावर रोखून, तो लहानात लहान दिसेल असे फिरवून घ्यावे. निरभ्र रात्री काच हवेहून थंड होऊन तिच्यावर दव धरते. ते रुमालाने पुसू नये. भिंगाभोवती जाड काळ्या कागदाची नळी आधीच बसवावी.