गोसीखुर्दचे पाणी आणि न्यायाच्या वाटा



वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावे बुडाली. लोकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, शासनाशी बोलणी केली. २०१३ साली सुमारे १,२०० कोटींचे विशेष पॅकेज मंजूर झाले. फारच उशिरा! शिवाय पैशाने बुडालेले शेत परत येत नाही.

दुसरे दुखणे पाण्याचे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे या जलाशयात येते. मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांनी कोणाशी बोलावे? अशा वेळी २०१० च्या कायद्याने स्थापन झालेले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. आपल्यासाठी पुण्याचे खंडपीठ. वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात, पण त्यावर आपण विसंबू नये.

बोडीच्या पाण्यावरून शेजाऱ्यांत वाद असेल, तर लोकअदालत बरी. तेथे दोन्ही पक्ष राजी असतील तरच तडजोड होते, आणि निवाड्यावर अपील नाही. म्हणून सहीपूर्वी कागद नीट वाचून घ्यावा. महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो.