संत, वली आणि शेजारधर्म



आपल्या करवीर नगरींत देवळें, दर्गे व चर्चें इतकीं जवळजवळ आहेत, कीं शाळेच्या वाटेवर तीं रोज आपल्या दृष्टीस पडतात. परंतु रोज दिसणारी वस्तु आपणांस समजलेली असतेच असें नाहीं. ख्रिस्ती मनुष्य "संत फ्रान्सिस" म्हणतो, मुसलमान मनुष्य "वली" किंवा "पीर" म्हणतो, आणि दोघांच्याही मनांत कोणी तरी ईश्वरनिष्ठ, पुण्यशील व्यक्ति असते. मग या दोन कल्पना एकच आहेत काय? नसल्यास त्यांत साम्य कोणतें व भेद कोणता? आणि हें जाणल्यानें शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या वर्तनांत कांहीं फरक पडतो काय? या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

शब्दांची ओळख

अभ्यासाचा आरंभ शब्दांपासून केलेला बरा. मराठींतील "संत" हा शब्द संस्कृत "सत्" यापासून आला. जें आहे, जें खरें आहे, तें सत्. त्याच्याशीं एकनिष्ठ राहणारा तो संत. हा शब्द ज्ञानोबा-तुकोबांच्या घरचा. ख्रिस्ती लोकांनीं तो आपलासा केला. इंग्रजींतील "सेंट" हा शब्द कानाला त्याच्यासारखाच लागतो, परंतु त्याचें कुळ निराळें आहे. तो "सांक्तुस" या लॅटिन शब्दापासून निघाला असून त्याचा अर्थ पवित्र केलेला, असा आहे. मराठी बायबलांत यासाठीं "पवित्र जन" असे शब्द योजिले आहेत.

अरबी "वली" या शब्दाचा अर्थ जवळचा, मित्र, कैवारी. त्याचें अनेकवचन "औलिया". जगाची पर्वा न करणाऱ्या मनस्वी पुरुषास आपण "अवलिया" म्हणतों, तो हाच शब्द. अरबींतलें अनेकवचन मराठींत येऊन एकवचन झालें, इतकेंच. "पीर" हा फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ वृद्ध, व त्यावरून गुरु. सारांश, "संत" या शब्दांत सत्य आहे, "सेंट" या शब्दांत पावित्र्य आहे, आणि "वली" या शब्दांत मैत्री आहे. हे तीन गुण एकमेकांचे वैरी नाहींत, हें कोणासही मान्य होईल.

ख्रिस्ती कल्पना

नव्या करारांत पौलानें करिंथ, फिलिप्पै इत्यादि नगरांतील मंडळ्यांस लिहिलेलीं पत्रें आहेत. त्यांत तो तेथील साऱ्या विश्वासणाऱ्यांस "पवित्र जन" या नांवानें संबोधतो. करिंथच्या मंडळींत तट होते, भांडणें होतीं, बंधु बंधूंवर फिर्यादी करीत होते. तरीही तेंच नांव. म्हणजे पावित्र्य ही मनुष्यानें कमावलेली मजुरी नसून देवानें ख्रिस्ताच्या द्वारें दिलेली देणगी आहे, आणि त्या देणगीस शोभेल असें वागणें हें मनुष्याचें कर्तव्य, असा मूळ विचार.

पुढें रोमी बादशहांच्या अमलांत ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. ज्यांनीं प्राण दिले, परंतु विश्वास सोडला नाहीं, त्यांच्या कबरींपाशीं दरसाल लोक जमूं लागले. अशा रीतीनें "संत" हें नांव हळूहळू विशेष व्यक्तींसाठीं राखलें गेलें. कॅथॉलिक मंडळींत आज त्याची शिस्तबद्ध चौकशी होते. साक्षी व कागदपत्रें तपासून प्रथम "धन्य" व नंतर "संत" अशी पदवी पोप देतात. आपल्याच मुलखांतील उदाहरण घेऊं. वसईचा गोन्सालो गार्सिया व्यापार सोडून फ्रान्सिस्कन संघांत बंधु झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांतील नागासाकी येथें आणखी पंचवीस जणांसह क्रुसावर मारला गेला. त्यास १६२७ सालीं धन्य व १८६२ सालीं संत म्हणून घोषित करण्यांत आलें. भारतांत जन्मलेला तो पहिला अधिकृत कॅथॉलिक संत होय. मृत्यूनंतर संतपद मिळण्यास दोनशें पासष्ट वर्षें लागलीं, यावरून या कामांत घाई कशी नसते, हें दिसून येईल.

इस्लामी कल्पना

कुराणाच्या दहाव्या अध्यायांत देवाच्या मित्रांचा उल्लेख आहे. त्यांस भय नाहीं व शोक नाहीं, आणि ते मित्र म्हणजे विश्वास ठेवून देवाच्या धाकांत वागणारे लोक, असा तेथील आशय आहे. वली हा प्रेषित नव्हे. महंमद पैगंबरांबरोबर प्रेषितांची मालिका पूर्ण झाली, वलीनें नवा संदेश आणावयाचा नसतो, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. प्रेषिताच्या हातून घडणाऱ्या अद्भुत गोष्टीस "मोजिजा" व वलीच्या हातून घडणाऱ्या गोष्टीस "करामत" अशीं निरनिराळीं नांवें आहेत. आणि खऱ्या वलीनें आपली करामत मिरवूं नये, झांकून ठेवावी, असें सूफी गुरु शिकवीत आले.

येथें पदवी देणारें पीठ नाहीं. मुरिदांची गुरुपरंपरा, म्हणजे सिलसिला, आणि लोकांची पिढ्यान् पिढ्या टिकलेली कृतज्ञता, हींच काय तीं प्रमाणपत्रें. अजमेरचे ख्वाजा मोइनुद्दीन चिश्ती (मृत्यु १२३६), दिल्लीचे निजामुद्दीन औलिया (मृत्यु १३२५), खुलताबादचे बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृत्यु १३३७) व गुलबर्ग्याचे बंदेनवाज (मृत्यु १४२२) यांस कोणत्याही सभेनें ठराव करून वली केलें नाहीं. लोकांनीं तें मानलें.

साम्यस्थळें

पहिलें साम्य असें, कीं दोन्ही धर्म संताच्या जन्मापेक्षां त्याचा मृत्युदिन अधिक पाळतात. दुसऱ्या शतकांत स्मिर्ना येथें पॉलिकार्प हा वृद्ध बिशप मारला गेला, तेव्हां तेथील ख्रिस्ती लोकांनीं त्या दिवसास त्याचा "जन्मदिवस" असें म्हटलें. आपण ज्यास "उरूस" म्हणतों, त्या अरबी शब्दाचा अर्थ विवाह, म्हणजे भक्ताचें देवाशीं मीलन. एकानें मरणास जन्म म्हटलें, दुसऱ्यानें लग्न. परंतु सोयर-सुतक दोघांनींही मानलें नाहीं.

दुसरें साम्य हुतात्म्याविषयीं. युरोपीय भाषांतील "मार्टर" हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ साक्षी. आणि अरबी "शहीद" याचाही अर्थ साक्षीच! आपल्या शिवाजी पेठेंत व इतर पेठांत मोहरमाच्या दिवसांत तालमींतून पंजे बसतात. ते इ. स. ६८० मध्यें करबला येथें मारले गेलेल्या इमाम हुसेन यांच्या स्मरणार्थ असतात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. सत्यासाठीं मरणारा मनुष्य आपल्या रक्तानें साक्ष देतो, ही कल्पना दोन्ही धर्मांनीं एकाच शब्दांत सांठविली आहे.

तिसरें साम्य अब्राहामाचें. याकोबाच्या पत्रांत त्यास देवाचा मित्र म्हटलें आहे. कुराणांतही त्यास तोच मान दिला असून मुसलमान लोक त्यास "खलीलुल्लाह", म्हणजे देवाचा मित्र, म्हणतात. तसेंच कुराणाचा एकोणिसावा अध्याय येशूची माता मरियम हिच्या नांवाचा आहे, आणि साऱ्या कुराणांत नांवानें उल्लेखिलेली स्त्री तीच एक होय.

भेद

परंतु साम्य दाखवितांना भेद झांकणें हा प्रामाणिकपणा नव्हे. ख्रिस्ती मनुष्याच्या दृष्टीनें सर्व पावित्र्याचें मूळ येशू ख्रिस्तांत, त्याच्या क्रुसावरील मरणांत व पुनरुत्थानांत आहे. मुसलमान येशूस थोर प्रेषित मानतो, परंतु देवाचा पुत्र मानीत नाहीं, व तो क्रुसावर मेला हेंही मान्य करीत नाहीं. हा भेद लहानसहान नाहीं. "सर्व धर्म सारखेच" असें एक वाक्य बोलून तो मिटत नाहीं, आणि तो मिटविल्यावांचून शेजारपण करतां येणार नाहीं असेंही नाहीं. ज्यास आपल्या शेजाऱ्याची श्रद्धा ठाऊक आहे, तोच तिचा मान राखूं शकतो. ज्यास ती ठाऊक नाहीं, तो केवळ गप्प बसतो.

वाद घरांतलाच

आतां या लेखांतील मुख्य मुद्द्याकडे वळूं. संताचा आदर करावा, हें सर्वांस मान्य आहे. वाद आहे तो निराळाच: संतापाशीं कांहीं मागावें काय? मराठींत "वशिला" हा शब्द आपण नोकरीच्या संदर्भांत वापरतों. तो अरबी "वसीला" यापासून आला, व त्याचा अर्थ जवळ जाण्याचें साधन. देवापाशीं जाण्यास संताचा वसीला असावा काय, हा तो प्रश्न.

कॅथॉलिक ख्रिस्ती म्हणतात, कीं आराधना एका देवाचीच, परंतु संतांनीं आपल्यासाठीं देवाजवळ प्रार्थना करावी अशी विनंती करण्यास हरकत नाहीं. आम्ही प्रॉटेस्टंट म्हणतों, कीं मध्यस्थ एकच, तो ख्रिस्त. १५३० सालीं ऑग्सबर्ग येथें मांडलेल्या विश्वासाच्या जाहीरनाम्यांत, संतांचें स्मरण करून त्यांचा कित्ता गिरवावा, परंतु त्यांचा धांवा करण्यास शास्त्राचा आधार नाहीं, असें सांगितलें आहे.

आणि इस्लामांत? तेथेंही हाच वाद आहे. दर्ग्यावर जाऊन वलीच्या वसील्यानें दुवा मागणारे कोट्यवधि मुसलमान आहेत. आणि कबरींपाशीं मागणें हें एकेश्वरी श्रद्धेस बाध आणणारें आहे, असें निक्षून सांगणारेही आहेत. चौदाव्या शतकांतील इब्न तैमिया व अठराव्या शतकांतील अरबस्तानांतले महंमद इब्न अब्दुल वहाब यांनीं हा आक्षेप जोरानें घेतला. भारतांत बरेलवी व देवबंदी या पंथांतील मतभेदाचें एक कारण हेंच आहे.

यावरून काय दिसतें? मतभेदाची ही रेघ ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यामधून जात नाहीं. ती दोन्ही घरांच्या आंतून जाते. या एका प्रश्नापुरता दर्ग्यावर गलेफ चढविणारा मुसलमान जुन्या गोव्यास जाणाऱ्या कॅथॉलिकाच्या जवळचा आहे, आणि दर्ग्यास न जाणारा मुसलमान प्रॉटेस्टंटाच्या जवळचा. जो वाद आपल्याच घरांत शेंकडों वर्षें चालला आहे व ज्यांत दोन्ही बाजूंस सज्जन लोक आहेत, त्यावरून शेजाऱ्यास "अंधश्रद्धाळु" किंवा "अश्रद्ध" म्हणून हिणविण्याचा अधिकार कोणास पोंचतो?

आपला मुलूख

महाराष्ट्रास ही समजूत नवी नाहीं. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्यानें मराठींत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचलें व तें १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. त्याच सुमारास, सोळाव्या-सतराव्या शतकांत, श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनीं "योगसंग्राम" हा ग्रंथ मराठी ओवींतच लिहिला, व मराठी संतमंडळांत त्यांस आदराचें स्थान मिळालें. एक ख्रिस्ती, एक मुसलमान. परंतु दोघेही ज्ञानेश्वरांच्या ओवीचे ऋणी.

आपल्या शेजारचें मिरज गांव घ्या. तेथील ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसांत मानाचा पहिला गलेफ चर्मकार समाजाकडून चढविला जातो. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांची कबर त्याच दर्ग्याच्या आवारांत असून त्यांच्या स्मरणार्थ तेथें गायनसेवा होते. त्याच मिरजेंत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनीं १८९४ सालीं मिशनचें इस्पितळ सुरू केलें, आणि तेथें रोग्याची जात किंवा धर्म पाहून औषध दिलें गेलें नाहीं. आम्ही प्रॉटेस्टंट लोक कोणास संतपदवी देत नाहीं. परंतु ज्याची दृष्टि परत आली त्या रोग्याच्या घरांत डॉक्टरांचें नांव कसें घेतलें गेलें असेल, याची कल्पना करावी.

कोल्हापुरांतील बाबूजमाल दर्ग्याच्या प्रवेशद्वारावर गणेशाची आकृति आहे. २०१८ व २०१९ या सालीं गणेशोत्सव व मोहरम एकाच वेळीं आले, तेव्हां येथील तालमींत गणपति व पंजे एका छपराखालीं बसले. राजर्षि शाहू महाराजांनीं १९०६ सालीं मुसलमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठीं संस्था काढली व तिचें अध्यक्षपद स्वतः स्वीकारलें.

आणि याच जिल्ह्यांत ७ जून २०२३ रोजीं मोबाईलवर ठेवलेल्या मजकुराच्या निषेधार्थ जमाव जमून दगडफेक झाली. १४ जुलै २०२४ रोजीं विशाळगडावरील अतिक्रमणाच्या वादांतून गडाजवळील गजापुरांत घरांची व मशिदीची नासधूस झाली. त्या वादांचा न्याय करणें हें या लेखाचें काम नाहीं. परंतु शतकांनीं बांधलेलें शेजारपण एका दिवसांत किती मोडतां येतें, हें आपण डोळ्यांनीं पाहिलें आहे. अशा दिवशीं दगड उचलणाऱ्या हातांत तरुणांचे हात असतात, म्हणूनच हा विषय शाळेच्या वार्षिकांत मांडावासा वाटला.

बोध

विद्यार्थ्यांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, दुसऱ्याच्या धर्माविषयीं माहिती त्या धर्माच्या जाणत्या मनुष्यास विचारून घ्यावी. मोबाईलवर आलेल्या चार ओळींवरून नव्हे. दुसरी, तुलना करतांना आपल्यांतील उत्तम मनुष्य व त्यांच्यांतील अधम मनुष्य असे समोरासमोर ठेवूं नयेत. उत्तमाशीं उत्तमाचीच तुलना करावी. तिसरी, आपली श्रद्धा विचारली असतां ती स्पष्ट व नम्रपणें सांगावी. ती लपविणें म्हणजे सलोखा नव्हे.

पालकांस एवढीच विनंति, कीं मुलानें शेजारच्या सणाविषयीं प्रश्न विचारल्यास त्यास गप्प करूं नये. उत्तर ठाऊक नसल्यास त्याला घेऊन शेजाऱ्याच्या घरीं जावें व दोघांनीं मिळून तें विचारावें. ज्या संतांचीं व वलींचीं नांवें आपण आदरानें घेतों, त्यांच्या दारांत आलेल्या मनुष्यास त्यांनीं आधीं अन्न दिलें, औषध दिलें, धीर दिला, आणि त्याचें कुळ मागाहून विचारलें, किंवा विचारलेंच नाहीं. आपण त्यांच्यापाशीं मागावें कीं न मागावें, याविषयीं मतभेद खुशाल राहोत. त्यांच्यासारखें वागावें, याविषयीं मात्र कोणत्याही घरांत मतभेद नाहीं.