इंजिनाचें चाक : जड असावें कीं हलकें ?

विहिरीवर, गुऱ्हाळांत किंवा होडीवर बसविण्यासाठीं ऑइल इंजिन घेतांना गिऱ्हाईक अश्वशक्ति विचारतें, तेल किती जळतें तें विचारतें. फ्लायव्हीलची पारख मात्र बहुधा नुसत्या डोळ्यांनींच होते. चाक मोठें व जड दिसलें कीं इंजिन जोरकस, असा समज आमच्या भागांत फार रुजलेला आहे. ह्या समजापायीं पैसा व्यर्थ जातो व प्रसंगीं जीवावरही बेततें. म्हणून ह्या अंकीं त्या चाकाचाच विचार करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

चाक शक्ति उत्पन्न करीत नाहीं. ती तेलांतून येते. चार धावांच्या इंजिनांत दट्ट्या हवा आंत ओढतो, ती दाबतो, तेल पेटल्यावर ढकलला जातो आणि शेवटीं धूर बाहेर टाकतो. ह्या चार धावांस चाकाचे दोन फेरे लागतात. त्यांपैकीं एकच धाव कमाईची. बाकीच्या तीन खर्चाच्या. कमाईच्या वेळीं जोर सांठवून खर्चाच्या वेळीं तो परत देणें एवढेंच फ्लायव्हीलचें काम. खतावण्या लिहिण्यांत आयुष्य गेलेल्या आम्हांस तें शिलकेच्या खात्यासारखें वाटतें. कुंभार काठीनें चाकास वेग देतो व मग दोन्ही हात मातीकडे मोकळे ठेवतो, तेंही ह्याच बळावर.

चाकाचें वजन दुप्पट केलें तर सांठा दुप्पट होतो. पण तेंच वजन मध्यापासून दुप्पट अंतरावर नेलें तर चौपट, आणि वेग दुप्पट केला तरीही चौपट. म्हणून काठाशीं जाड असलेलें आऱ्यांचें चाक, त्याच वजनाच्या व व्यासाच्या सपाट भरीव चाकाहून जवळजवळ दुप्पट जोर सांठवितें. तराजूवरचा आंकडा एकटा कांहींच सांगत नाहीं.

इंग्लंडांतील डर्सले येथील लिस्टर कंपनीचें जुनें ६ अश्वशक्तीचें इंजिन, आणि त्या धर्तीवर राजकोटास झालेलीं इंजिनें, मिनिटास सुमारें ६५० फेऱ्यांचीं. त्यांत सेकंदाला पांच-साडेपांचच स्फोट होतात. म्हणून चाकें अवजड. किर्लोस्करांचें ५ अश्वशक्तीचें ए. व्ही. १ हें १५०० फेऱ्यांचें. त्यांत स्फोट सेकंदाला साडेबारा. वेगाच्या वर्गाचा हिशेब केला तर तेवढ्याच व्यासाचें चाक एकपंचमांशाहून कमी वजनाचें असूनही तितकाच सांठा धरतें. हलकें चाक म्हणजे दुबळें इंजिन, हें ह्यावरून खोटें ठरतें.

आतां काम पाहूं. विहिरीवरील पंख्याच्या पंपाचा भार एकसारखा असतो. तेथें हलकें चाक पुरतें. गुऱ्हाळाची गोष्ट निराळी. चरकांत उसाची मोळी एकदम घातली कीं भार झटक्यानें वाढतो आणि हलक्या चाकाचें इंजिन गुदमरतें. तेथें जड चाकच हवें. घरीं दिवे लावण्यासाठीं डायनामो फिरवावयाचा असेल तरीही जडच, नाहीं तर दिवे लुकलुकतात. कडबा कापण्याच्या यंत्रास स्वतःचेंच जड चाक असतें आणि पिठाच्या गिरणीची फिरती तळी हेंही एक चाकच. म्हणून इंजिनाकडे आणखी वजन मागण्याचें कारण नाहीं.

खाडीकांठच्या आमच्या वाचकांस होडीचा प्रश्न पडतो. पंख्यावर पाण्याचा भार एकसारखा असल्यामुळें शर्यतीच्या वेगवान होडीस हलकें चाक घालतात; तें वेग चटकन घेतें व चटकन सोडतें. माल वाहणाऱ्या किंवा संथ चालीनें जाळें ओढणाऱ्या होडीस मात्र जड चाक बरें. मंद वेगांत इंजिन अडखळत नाहीं, आणि लाटेवर पंखा पाण्याबाहेर आला तरी वेग एकदम न भडकल्यामुळें गव्हर्नरला सांवरण्यास अवधि मिळतो. मात्र पुढची-मागची गति बदलतांना जड चाकाचा सगळा धक्का गिअरवर येतो. वेग उतरल्याशिवाय दांडा ओढूं नये.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. पाणी वाढावें म्हणून कित्येक जण गव्हर्नर पिळून जुन्या इंजिनाचे फेरे वाढवितात. ओतीव लोखंडाच्या चाकाचा काठ सेकंदाला ३० मीटरच्या आंत फिरावा, अशी कारागिरांची जुनी मर्यादा आहे. ६० सेंटिमीटर व्यासाचें चाक ६५० फेऱ्यांस सुमारें २० मीटरनें जातें. तेंच १५०० फेऱ्यांच्या इंजिनावर चढविलें तर ४७ मीटरनें जाईल आणि फुटून त्याचे तुकडे तोफेच्या गोळ्यासारखे उडतील. ६५० चे ८५० केले तरी ताण १.७ पट होतो. जुनें चाक विकत घेतांना तें टांगून हातोडीनें हलकेंच वाजवावें. खणखणीत नाद न येतां बद्द आवाज आला तर तडा समजून परत करावें. चावीच्या खांचेजवळ व आऱ्यांच्या मुळाशीं तेल पुसून बारकाईनें पाहावें. वजन कमी करण्यासाठीं काठास भोंकें पाडवून घेऊं नयेत. तोल बिघडून बेअरिंगें झिजतात. चाकाभोंवतीं जाळी बसवावी, आणि तेल तोडल्यावरही जड चाक बराच वेळ फिरत राहतें, म्हणून तें पुरतें थांबेपर्यंत धोतराचा सोगा किंवा पदर त्याच्याजवळ जाऊं देऊं नये.