गुडघ्यातील कूर्चा आणि सुईतून जाणारे जेल

हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते. मग गुडघ्यातील कूर्चा एकदा झिजली की पुन्हा का भरत नाही? प्राणिशास्त्र शिकवताना हा प्रश्न मला विद्यार्थी नेहमी विचारतात. त्याचे उत्तर आणि त्यावर शोधला जात असलेला एक उपाय येथे थोडक्यात मांडतो.

प्रश्न जुना आहे. विल्यम हंटर या शरीररचनाशास्त्रज्ञाने १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात, नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, असे नमूद केले होते. याचे कारण तिच्या रचनेतच आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. इतरत्र जखम झाली की रक्त दुरुस्तीचे साहित्य घेऊन धावते. येथे तो रस्ताच नाही. तिच्या मोजक्या पेशींना अन्न मिळते ते सांध्यातील द्रवातून झिरपून. मज्जातंतूही नसल्यामुळे सुरुवातीची झीज दुखत नाही आणि कळतही नाही.

कूर्चेच्या वजनात ६५ ते ८० टक्के पाणी असते. हे पाणी प्रोटिओग्लायकन नावाचे रेणू धरून ठेवतात आणि कोलॅजेनचे धागे त्या साऱ्याला बांधून ठेवतात. पाणी दाब सोसते, धागे ताण सोसतात. म्हणजेच कूर्चा हे निसर्गाने धाग्यांनी मजबूत केलेले जेल आहे!

सब्जाचे बी भिजवले की त्याभोवती बुळबुळीत थर फुगतो. लांब रेणूंच्या जाळ्यात अडकलेले पाणी, हेच हायड्रोजेल. ते द्रवरूपात सुईने सांध्यात सोडले, तर वेड्यावाकड्या खड्ड्यातही नीट बसते. मोठी चिरफाड लागत नाही. मग शरीराच्या उष्णतेने, प्रकाशाने किंवा रासायनिक क्रियेने ते घट्ट होते. जेनिफर एलिसीफ यांच्या गटाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५ रुग्णांच्या गुडघ्यात जेल भरून ते प्रकाशाने घट्ट केले. हाडाला केवळ बारीक छिद्रे पाडलेल्या रुग्णांपेक्षा त्यांचे खड्डे अधिक भरलेले दिसले. मात्र तुलनेसाठी रुग्ण तीनच होते.

खरी अडचण बळाची आहे. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो आणि साधे जेल त्याखाली चिरडते. रेणूंचे जाळे दाट केले तर बळ वाढते, पण पेशींना पसरायला जागा उरत नाही आणि अन्नही कमी पोहोचते. येथे आपल्या जुन्या घरांची आठवण होते. भिंतीच्या चिखलात भाताचे पिंजर तुडवीत, ते भिंत तडकू नये म्हणून. जेलमध्येही तसेच धागे घालतात. नेदरलँड्समधील उत्रेख्त येथील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१५ साली दाखवले की, अतिसूक्ष्म धाग्यांच्या जाळीमुळे जेलचा ताठपणा ५४ पटींपर्यंत वाढतो.

पण विणलेली जाळी सुईतून कशी जाणार? म्हणून धाग्यांचे बारीक तुकडे किंवा सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू मिसळतात. धागा लांब असेल तर सुई तुंबते. धागे फार झाले तर मिश्रण दाटते आणि ते रेटताना त्यातील जिवंत पेशी इजा पावतात. धागा जेलला नीट चिकटला नाही तर तो असून नसल्यासारखाच. सुईतून वाहणे आणि सांध्यात टिकणे या दोन उलट गुणांचा मेळ घालणे, हेच या संशोधनाचे मर्म आहे.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. दवाखान्यांत गुडघ्यात दिले जाणारे हायलुरॉनिक आम्लाचे इंजेक्शन हे मुख्यतः वंगण आहे. त्याने झिजलेली कूर्चा पुन्हा उगवत नाही. म्हणून कूर्चा उगवणाऱ्या जेलची जाहिरात दिसली, तर तीन प्रश्न विचारावेत. नवी ऊती खऱ्या कूर्चेची आहे की व्रणासारखी तंतुमय? ती शेजारच्या कूर्चेशी एकजीव झाली का? आणि वर्षानुवर्षे भार सोसते का? घरातील वडीलधाऱ्यांचे पैसे आणि आशा दोन्ही पणाला लागतात, तेव्हा एवढे विचारणे हे विज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्यच आहे.