गावातील घरे : बांधणीवरून काळ ओळखण्याचा पाठ

(परिसर अभ्यासाच्या तासासाठी)

इतिहास शिकविताना गड, राजवाडे व लढाया यांकडे मुलांचे लक्ष सहज वेधले जाते. परंतु ज्या घरात ती रोज निजतात त्या घरासही इतिहास आहे, ही जाणीव त्यांस क्वचितच करून दिली जाते. मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद) व आसपासच्या गावांत फेरी मारली असता दोनतीन पिढ्यांची, क्वचित त्याहून जुनी बांधणी एकाच गल्लीत आढळते. ही घरे झपाट्याने पडत वा पाडली जात आहेत. यास्तव हा पाठ लवकर घेणे इष्ट होय.

१. प्रथम धाबे पाहावे

खानदेशाचे स्वतःचे घर म्हणजे धाब्याचे घर. कोकणात पाऊस विपुल, म्हणून तेथे उतरते छप्पर. येथे पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक, म्हणून सपाट धाबे. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काड्याकुड्यांचा थर, त्यावर पालापाचोळा व माती, आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा लेप, अशी त्याची रचना असते. काळी माती वाळली की तिला भेगा पडतात. म्हणून ती धाब्यास चालत नाही. शेताची ती 'काळी' आणि वस्तीची ती 'पांढरी', हा आपल्या भाषेतील भेद मुलांस येथे प्रत्यक्ष दाखविता येतो.

जाड मातीच्या भिंती दुपारचे ऊन सावकाश आत सोडतात. प्रकाशासाठी धाब्यात साणे ठेवलेले असते. धाब्यावर पापड-कुरडया व मिरच्या वाळतात आणि उन्हाळ्यात माणसे निजतात. अशा घरास केवळ 'कच्चे घर' म्हणून सोडून देणे योग्य नव्हे. मात्र पावसाळ्यापूर्वी माती टाकली नाही तर तेच धाबे गळू लागते व भिजून जड होते, ही उणीवही सांगावी. धाब्याची पद्धत फार जुनी असून ती अलीकडेपर्यंत चालू होती. म्हणून केवळ धाबे पाहून घराचा काळ ठरत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याकडे, रावेर-यावल बाजूस, कुडाच्या भिंती व उतरते छप्पर असलेली घरे दिसतात. तेथे बांबू व लाकूड जवळ होते. घराची जात पुष्कळदा काळाने नव्हे, तर हाताशी असलेल्या सामानाने ठरते.

२. वाडा व गढी

मधे उघडा चौक, भोवती सोपे, दगडी जोते, सागाचे खांब, मोठ्या दारातील लहान दिंडी, आडवा सरकणारा अडसर, ही वाड्याची लक्षणे. खांबांचा सुरूच्या झाडासारखा निमुळता घाट आणि लाकडी महिरपी पेशवाईत लोकप्रिय झाल्या. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ साली बांधून झाला. १८२८ च्या आगीत त्याचे लाकूडकाम जळाले आणि दगडी जोते व तट उरले. कोणता भाग टिकतो व कोणता जातो, हे त्यावरून समजते. गावच्या गढीचेही तसेच आहे : पावसाने माती वाहून जाते आणि खालचे दगडी काम राहते.

येथे एक चूक सर्रास होते. कोरीव खांब दिसला की घर 'पेशवेकालीन' ठरविले जाते. खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. परंतु राज्य पालटले म्हणून सुताराचा हात पालटला नाही. त्याच घाटाचे खांब पुढेही अनेक वर्षे घडत राहिले. शिवाय साग मौल्यवान असल्याने जुन्या घराचे खांब नव्या घरात बसविण्याची चाल होती. खांबावर कोणत्याही उपयोगाची नसलेली, पूर्वीच्या जोडाची रिकामी भोके दिसल्यास खांब घराहून जुना असण्याचा संभव धरावा.

३. रेल्वेनंतरचे सामान

१८६० नंतरच्या दशकात भुसावळकडे रेल्वे आली आणि दूरचे सामान खेड्यापर्यंत पोहोचू लागले. मंगळूर येथे बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली निघाला. तेव्हा मंगळुरी कौल ज्या छपरावर आहे ते छप्पर त्या सालाच्या आधीचे असू शकत नाही. हा पुरावा पक्का आहे. लोखंडी पत्रा, लोखंडी गर्डर व ओतीव लोखंडाचे कठडे हीही या नव्या युगाचीच चिन्हे. सिमेंटचा स्लॅब खेड्यांत प्रामुख्याने स्वातंत्र्यानंतर आला; घरकुल योजनेतील घरे त्याहून अलीकडची.

४. एका घराचे वाचन

समजा, एका घराचे जोते दगडी, खालचे खांब कोरीव, माडीवर मंगळुरी कौले आणि पुढील ओटा सिमेंटचा आहे. या घराचा काळ कोणता? मुले एकच उत्तर देऊ पाहतील. त्यांस सांगावे की घर एकदाच बांधले जात नाही. कौलांचे छप्पर १८६५ नंतरचे, हे निश्चित. ओटा बहुधा स्वातंत्र्यानंतरचा. जोते व खांब त्याहून जुने असू शकतील, पण किती जुने हे केवळ पाहून ठरत नाही. वहीत 'निश्चित', 'बहुधा' आणि 'ठाऊक नाही' असे तीन रकाने आखावेत. तिसरा रकाना भरण्यात कमीपणा नाही, हे मुलांच्या मनावर बिंबवावे.

५. दारावरील साल

गणेशपट्टीवर कोरलेले साल मिळाल्यास ते जपून वाचावे. शकात ७८ मिळविले व विक्रम संवतातून ५७ वजा केले म्हणजे स्थूलमानाने इसवी सन मिळतो. शके १८१० म्हणजे सन १८८८, आणि संवत् १९४५ म्हणजेही सन १८८८. गुजरातशी व्यापारसंबंध असल्यामुळे या भागात दोन्ही गणना संभवतात. संवत् १९४५ हे चुकून शक समजले तर उत्तर २०२३ येईल आणि चूक तत्काळ ध्यानात येईल. परंतु शके १८१० हा इसवी सन मानला तर ७८ वर्षांची चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून आकड्यापूर्वीचा शब्द आधी वाचावा.

६. प्रत्यक्ष काम

चार-पाच मुलांचा एक गट करून प्रत्येकास एक घर द्यावे. घरमालकाची अनुमती आधी घ्यावी. छप्पर, खांब, भिंत, दार व जोते या क्रमाने नोंद करावी. घराची लांबी खणांत मोजावी. ज्येष्ठ स्त्रियांस धाबे, चूल व कोठार यांविषयी अवश्य विचारावे, कारण घराचा वापर त्यांस अधिक ठाऊक असतो. मोडकळीस आलेल्या घरात किंवा भिजलेल्या धाब्याखाली मुलांस कदापि नेऊ नये. अशा घराची नोंद रस्त्यावरूनच करावी. चांगदेव येथील तापी-पूर्णा संगमावरचे हेमाडपंती देवालय सहलीत दाखवून, देवासाठी दगड व माणसासाठी माती असा भेद का पडला, हा प्रश्न वर्गात चर्चेस ठेवावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शिक्षकाने स्वतः सांभाळावयाची आहे. वर्गात कोणाचा वाडा असेल, कोणाचे धाबे, कोणाचे पत्र्याचे छप्पर. पाहणी घरांची असावी, घरच्यांच्या ऐपतीची नव्हे. मातीच्या घरातील मुलाने, आपल्या आजोबांनी धाब्यावर कोणती माती व का टाकली, हे वर्गास मान वर करून सांगितले, म्हणजे पाठ साधला असे समजावे. ही नोंदवही शाळेत जतन करावी. पुढील पावसाळ्यानंतर त्यांतील काही घरांचा तेवढाच पुरावा उरलेला असेल.