आधी हात फिरवा, मग वॅक्स लावा

रायपुरात पांढरी गाडी घेतली की वर्षभरात एक प्रश्न पडतोच. गाडी नवी, कुठे ठोकली नाही, घासली नाही, मग बोनेटवर आणि डिकीवर हे बारीक नारिंगी ठिपके आले कुठून? 'पत्रा गंजायला लागला' म्हणून लोक शोरूमवाल्याशी भांडायला जातात. पण गंजत असतात ते वरून येऊन पडलेले लोखंडाचे कण, गाडीचा पत्रा नव्हे. शहराला लागून उरला आणि बिरगाव, पुढे बिलासपूर रस्त्यावर सिलतरा. या पट्ट्यात स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. लोहखनिज आणि कोळसा फिरत्या भट्टीत तापवून तिथे लोखंड काढतात. तिथून येणारी काळी धूळ गच्चीवर बसते, दोरीवरच्या कपड्यांवर बसते, तशी गाडीवरही बसते. हिवाळ्यात हवा जड असते, धूळ वर उडून जात नाही, तेव्हा तर सकाळी काचेवर बोटाने नाव लिहावं इतका थर असतो.

आमच्या गाडीचा रंग बिघडला तो या धुळीवरच आधी वॅक्स आणि मग मशीन चढवल्यामुळे. दसऱ्याच्या तोंडावर रिंग रोडवरच्या एका धुलाई सेंटरला गाडी दिली होती. तिथल्या पोराने फोम मारला, प्रेशरने पाणी मारलं, पुसलं आणि लगेच वॅक्स चोळलं. 'भैया, एकदम शीशा बना दिया!' ट्यूबलाइटखाली ते खरंही वाटत होतं. दिवाळी झाली, थंडी पडली आणि ठिपके जास्तच उठून दिसायला लागले. गाडी परत त्यांच्याकडे गेली. या वेळी त्यांनी मशीनवर रबिंग कंपाउंड फिरवलं. रंगात रुतलेले कण कुणी काढलेच नव्हते. ते फिरत्या पॅडखाली सापडले आणि बोनेटभर घासत गेले. उन्हात गाडी उभी केली तर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे. बोनेटच्या कडेला, जिथे पत्रा वळतो, तिथला वरचा थर पारच उडाला होता. शेवटी डेन्टिंग-पेंटिंगवाल्याकडून बोनेट पुन्हा रंगवून घेतलं. वॅक्सला गेले त्याच्या कितीतरी पट पैसे रंगाला गेले.

हे टाळायचं तर रंगावर काय काय असतं ते आधी कळायला हवं. कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, आणि त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाच्या केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास धरतात, यावरून काय ते समजा. वॅक्स या थरावर बसतं. पाणी ओघळवतं, झळाळी देतं. खालची घाण ते काढत नाही. पेंट क्लीनर घाण काढतो. त्यात मळ विरघळवणारी द्रव्यं असतात आणि बहुतेक क्लीनरमध्ये अगदी बारीक घासणारी पूडही असते. जुनं वॅक्स, डाग, उन्हाने मेलेला वरचा पापुद्रा तो उचलतो. म्हणजे दर वेळी थोडा का होईना, क्लिअर कोटही जातो, आणि तो परत येत नाही. म्हणून क्लीनर लागतो तेव्हा लावलाच पाहिजे आणि लागत नाही तेव्हा बाटलीला हातही लावू नये.

लागतो की नाही हे तीन गोष्टींवरून कळतं. त्याआधी गाडी कार शाम्पूने धुऊन कोरडी करून घ्या, धुळीवर कुठलीच परीक्षा करू नका.

पहिली परीक्षा हाताची. ब्रेडची पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घाला आणि बोनेट, टप, डिकी यांवरून बोटं अलगद फिरवा. नुसत्या बोटाला न कळणारी खरखर पिशवीतून लगेच कळते. वाळूच्या कागदावरून हात गेल्याचा भास झाला तर कण रुतलेले आहेत, आणि त्यांच्यावर क्लीनर हे पहिलं औषध नाही. आधी आयर्न रिमूव्हर. तो फवारला की जिथे लोखंड आहे तिथून जांभळे ओघळ सुटतात. आमच्या डिकीवरून ते असे वाहिले की शेजारचे काका 'अहो, रंग निघाला की काय!' म्हणत धावत आले. तो गाडीचा रंग नसतो, लोखंडाशी झालेल्या रासायनिक क्रियेचा असतो. वास गंधकाचा, उग्र. हातमोजे घाला, सावलीत फवारा, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका, पत्र्यावर सुकू देऊ नका आणि भरपूर पाण्याने धुवा. तरीही खरखर उरली तर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी. पृष्ठभाग शाम्पूच्या पाण्याने बुळबुळीत ठेवून क्ले सरळ रेषेत, जोर न लावता फिरवायचा. मळला की घडी घालून नवी बाजू वर काढायची. जमिनीवर पडला तर फेकून द्यायचा, कारण त्याला चिकटलेला एक खडा अख्खं दार ओरबाडतो.

दुसरी परीक्षा डोळ्यांची. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बोनेटमध्ये पाहा. हात गुळगुळीत फिरतोय पण नळीच्या कडा धूसर, पांढुरक्या दिसतात, तर रंग उन्हाने मेला आहे किंवा त्यावर जुन्या वॅक्सचा आणि मळाचा थर साचलाय. इथे क्लीनर हवाच. कडा धूसर नाहीत पण दिव्याभोवती गोल ओरखडे दिसतात, तर ते क्लीनरचं काम नव्हे, पॉलिशचं आहे. आणि क्लिअर कोटचे पापुद्रे सुटलेले दिसले तर काहीच लावू नका. तिथे रंगकामाशिवाय उपाय नाही.

तिसरी परीक्षा फडक्याची. दाराच्या खालच्या बाजूला, सहज नजरेत न येणाऱ्या जागी तळहाताएवढ्या भागावर थोडा क्लीनर चोळा. फडक्यावर करडा मळ आला आणि ती जागा शेजारच्यापेक्षा उजळली, तर पुढे जा. काहीच फरक पडला नाही, तर क्लीनरची गरज नाही. गाडीचाच रंग फडक्यावर उतरला, तर एक तर क्लिअर कोट संपलाय किंवा जुन्या एकथरी रंगाची गाडी आहे. बऱ्याच जुन्या मारुती, फियाट, अ‍ॅम्बेसेडर गाड्यांवर वेगळा क्लिअर कोट नसायचा. तिथे हात फार हलका ठेवा. गाडी पांढरी असेल तर ही परीक्षा गडद फडक्याने करा, पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही.

नव्या गाडीला क्लीनर नको, हे साधारण खरं आहे. पण नवी गाडी स्वच्छच असते असं धरून चालू नका. रेल्वेने आलेल्या, यार्डात उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीवर लोखंडी धूळ आधीच बसलेली असू शकते. पिशवीची परीक्षा तिलाही करा. खरखर असेल तर आयर्न रिमूव्हर, आणि मग थेट वॅक्स.

इथली आणखी एक अडचण बोअरच्या पाण्याची. रायपूरच्या पोटात चुनखडीचा दगड आहे, त्यामुळे बोअरचं पाणी जड. उन्हात गाडी धुतली की पांढरे गोल डाग राहतात. ते ताजे असताना पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्याने पुसा आणि लगेच धुवा; बहुतेक निघतात. राहिलेच तर क्लीनर. दसऱ्याच्या पूजेत बोनेटवर लावलेल्या हळदीकुंकवाचंही तसंच. हळदीचा पिवळा डाग उन्हाने आपोआप फिका होतो; कुंकवाचा गुलाबी मात्र आमच्या गाडीवरून क्लीनरनेच गेला. त्यापेक्षा कुंकू नंबर प्लेटवर लावावं, देवाला चालतं.

क्लीनर लावताना गाडी सावलीत आणि पत्रा थंड हवा. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी हे काम काढूच नका. द्रव सुकून नवेच डाग पडतात. दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्या, मायक्रोफायबरने पुसून मगच पुढे सरका. कडांवर आणि वळणांवर थर पातळ असतो, तिथे दाब देऊ नका. काळ्या प्लॅस्टिकवर आधी चिकटपट्टी लावा. क्लीनरनंतर रंग उघडा पडतो, तेव्हा वॅक्स त्याच दिवशी चढलं पाहिजे. मॅट रंगावर क्लीनर आणि वॅक्स दोन्ही नकोत. सिरॅमिक कोटिंग किंवा पीपीएफ (रंगावर चिकटवलेली पारदर्शक फिल्म) असेल तर ज्याने लावलं त्याला विचारल्याशिवाय काही करू नका. नुकत्याच रंगवलेल्या भागाला वॅक्स कधी लावायचं हे रंगाऱ्यालाच विचारा. नवा रंग पुरता सुकायला बहुधा महिना-दोन महिने लागतात.

दुकानात 'क्लीनर वॅक्स' अशी दोन्ही कामं करणारी बाटली मिळते. जुन्या, निस्तेज गाडीला ती सोयीची. चांगल्या रंगाच्या गाडीला दर महिन्याला तीच चोळत राहिलात तर दर महिन्याला थोडं थोडं घासताय, हे लक्षात ठेवा.

रायपूरच्या हवेत मी आता असं करतो: पावसाळा संपल्यावर दसऱ्याआधी एकदा आणि थंडीची धूळ ओसरल्यावर होळीनंतर एकदा, पिशवीची परीक्षा. खरखर लागली तर आयर्न रिमूव्हर. क्लीनर वर्षातून फार तर एकदा, तोही फडक्याच्या परीक्षेत मळ उतरला तरच. वॅक्स मात्र पाणी ओघळायचं थांबलं की पुन्हा. सिलतरा-उरल्याकडे नोकरी असेल आणि गाडी दिवसभर तिथे उघड्यावर उभी राहत असेल, तर परीक्षा दर दोन महिन्यांनी घ्या.

धुलाई सेंटरला गाडी देताना एवढंच सांगा: 'धुऊन झाल्यावर मला बोलवा, मी हात फिरवून बघेन, मगच वॅक्स.' जो यावर कटकट करेल, त्याच्याकडे नुसती गाडी धुऊन घ्या आणि वॅक्स घरी लावा.